वाचकांचे प्रश्न : सोळा तास पोट रिकामं, पण उरलेल्या आठ तासांचं काय?

दिवसातल्या ठरावीक तासांतच जेवायचं आणि बाकीचा वेळ पोटाला पूर्ण सुट्टी द्यायची, या पद्धतीला इंटरमिटंट फास्टिंग म्हणतात. त्याबद्दल मराठवाड्यातून आलेली आठ पत्रं या वेळी घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत. वय, वजन, औषधं हा तपशील उत्तरासाठी लागतो तेवढा ठेवला आहे. उत्तरं आमच्या वैद्यकीय आणि आहार सल्लागारांनी मिळून दिली आहेत.

मी दर सोमवार, चतुर्थी आणि महिन्याच्या दोन्ही एकादश्या धरते. वय ३८, उंची १५५ सेंमी, वजन ७४ किलो. एवढे उपास करूनही वजन तसूभर हललं नाही. शेजारच्या वहिनी म्हणतात, सोळा तासांचा उपास कर. तो आणि माझा उपास यात फरक काय?
— गृहिणी, लातूर

फरक फराळात आहे, ताई. एका माणसाच्या खिचडीत साधारण ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा जातो, त्याच्या २६० कॅलरी. पाव वाटी दाण्याचा कूट म्हणजे २५ ग्रॅम, त्याच्या १४०. मोठा चमचाभर तुपाच्या १२०. वर बटाटा. एक बशी ५०० च्या पुढे जाते आणि तिच्यात प्रथिनं मिळतात जेमतेम ७ ग्रॅम, तीही शेंगदाण्यांची, कारण साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ आहे. तेवढ्याच कॅलरींत दीड भाकर, वाटीभर वरण आणि पालेभाजी होते आणि प्रथिनं १८ ग्रॅमच्या घरात मिळतात. भाकर-वरण खाल्ल्यावर चार-पाच तास भूक लागत नाही. खिचडीनंतर दोन तासांत केळं, राजगिऱ्याचा लाडू, चहा सुरू होतो आणि रात्री भगर आणि दाण्याची आमटी असतेच. म्हणजे उपासाच्या दिवशी पहिला घास सकाळी सातला आणि शेवटचा रात्री नऊला. पोट रिकामं असं राहिलंच नाही.

तासांच्या उपासात पदार्थांची यादी नसते, घड्याळ असतं. १२ तास खाणं आणि १२ तास उपास, मग १० आणि १४, मग ८ आणि १६ असे टप्पे आहेत. आठवड्यात पाच दिवस नेहमीसारखं जेवून दोन दिवस ५०० ते ६०० कॅलरींवर राहण्याचीही एक पद्धत आहे, पण घरातल्या सगळ्यांचा स्वयंपाक करून स्वतः तेवढ्यावर राहणं फार जड जातं, म्हणून ती आम्ही सुचवत नाही.

शेवटच्या जेवणानंतर रक्तातलं इन्सुलिन हळूहळू उतरतं, यकृतातला साखरेचा साठा वापरला जातो आणि दहा-बारा तासांनंतर शरीर चरबीकडे जास्त वळतं. हे खरं आहे. मात्र एवढ्यानं वजन उतरत नाही. २०२२ साली चीनमधल्या ग्वांगझू इथल्या अभ्यासात १३९ लठ्ठ व्यक्तींना वर्षभर सारख्याच कमी कॅलरी दिल्या. निम्म्यांनी सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्यातच खायचं होतं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नव्हतं. पहिल्या गटाचं वजन सरासरी ८ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६.३ किलो, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. दोन्हीकडे वजन उतरलं ते एकूण खाणं कमी झालं म्हणून. घड्याळाचा खरा उपयोग असा, की रात्रीचं वरचं खाणं, चहासोबतची खारी, लेकरांच्या ताटात उरलेला भात हे आपोआप बंद होतं. आठ तासांत तेवढंच खाल्लं, तर काटा जागचा हलत नाही.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३०.८ येतो. आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. बेंबीच्या रेषेत टेपनं कंबरही मोजा, बायकांत ८० सेंमीच्या आत हवी. तीन महिन्यांत ४ ते ५ किलो उतरले तरी पुष्कळ. सुरुवात अशी करा: पहिले दोन आठवडे रात्री आठनंतर काही नाही आणि सकाळी आठला पहिला घास. पुढचे दोन आठवडे रात्रीचं जेवण सातला, सकाळचं नऊला. हे अंगवळणी पडलं, डोकं दुखत नाही, चिडचिड होत नाही, झोप नीट लागते, असं असेल तरच संध्याकाळी साडेसहा ते सकाळी साडेदहा. चौदा तासांवर थांबलात तरी काही बिघडत नाही. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो झटकन उतरले तर ते बहुतेक पाणी असतं. साठ्यातल्या साखरेबरोबर तिच्या तिप्पट पाणी शरीरातून जातं. नंतरचा वेग आठवड्याला अर्धा किलो.

ताटाचं माप: ६० ग्रॅम पिठाची एक भाकर किंवा दोन लहान पोळ्या, वाटीभर घट्ट वरण किंवा मोडाची उसळ, दोन वाट्या माळवं (मेथी, चुका, पालक, दोडका, जे स्वस्त असेल ते), वाटीभर दही. दिवसाला ५५ ते ६० ग्रॅम प्रथिनं पडायला हवीत आणि दोन वेळच्या वरणावर तेवढी होत नाहीत. ५० ग्रॅम सोयावडीत २५ ग्रॅम मिळतात, एका अंड्यात ६, मूठभर फुटाण्यांत ६. तेलाचा डबा महिन्याच्या सुरुवातीलाच मोजून काढा. माणशी अर्धा किलोच्या आत बसवा.

सोमवार-एकादशी सोडायला आम्ही सांगणार नाही. त्या दिवशीही जेवणाचे तास तेच ठेवा. साबुदाण्याऐवजी ५० ग्रॅम कोरडी भगर, सोबत दही, राजगिरा, एखादं फळ. भगर घेताना एक काळजी घ्या. ओल लागलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि सणावाराला विषबाधा होते ती बहुतेक यातूनच. सुटं पीठ विकत घेऊ नका. अख्खी भगर निवडून, धुऊन, वाळवून घरी दळा, आणि सकाळची उरलेली रात्री खाऊ नका.

उपासाच्या तासांत चहा चालतो का? लिंबू-मध पाणी? चहा सुटत नाही, दिवसातून चार-पाच कप होतात.
— कारकून, नांदेड

दुधा-साखरेचा चालत नाही. दोन चमचे साखर ४० कॅलरी आणि दूध ४० ते ४५, म्हणजे चार कपांत दीड भाकरीएवढ्या कॅलरी, आणि प्रत्येक कपाला इन्सुलिन पुन्हा वर. गुळाचा चहा आणि मधही यातच आले. चमचाभर मधात २० कॅलरी साखरेच्याच असतात.

बिनसाखरेचा कोरा चहा, साधं पाणी, जिऱ्याचं पाणी, पिळलेलं लिंबू चालतं. रिकाम्या पोटी कोऱ्या चहानं छातीत जळजळ होत असेल तर तो पहिल्या जेवणानंतरच घ्या. एक वाटी दह्यात चार वाट्या पाणी घालून केलेलं ताक काटेकोर नियमात बसत नाही, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात चिमूटभर मिठाचं असं पेलाभर ताक घेतलं तर आम्ही त्याला उपास मोडला म्हणणार नाही.

चहा एकदम बंद केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं ठणकतं आणि लोक दोष उपासाला देतात. दर आठवड्याला एक कप कमी करा आणि उरलेल्या कपांत अर्धा चमचा साखर कमी करा. शेवटचे दोन कप जेवणाच्या तासांत आणा.

सकाळी सहाला वावरात जातो. नऊ-साडेनऊला न्याहरी, दुपारी दोनला भाकर, रात्री नऊला घरी जेवण. वय ४६, वजन ८६, पोट सुटलंय, बीपीची एक गोळी चालू आहे. मोबाइलवर सगळे म्हणतात पहिलं जेवण दुपारी बाराला करा. मला बारापर्यंत दम निघत नाही.
— शेतकरी, सेलू, जि. परभणी

निघू नये आणि काढूही नका. दुपारी बारा ते रात्री आठ हे वेळापत्रक खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांच्या सोयीचं आहे. तुमच्या दिवसातला जड भाग सकाळी असतो. तुमची न्याहरी जागेवर आहे, रात्रीचं जेवण चुकीच्या जागी आहे. तेवढंच उचलून संध्याकाळी सातच्या आत आणा. साडेनऊ ते सात, म्हणजे साडेचौदा तासांचा उपास झाला, आणि त्यातले आठ तास तुम्ही झोपलेले असाल.

न्याहरीला दोन भाकरी, पिठलं किंवा वरण, कांदा, ठेचा, दही. दुपारी एक भाकर आणि जाडसर उसळ, किंवा उकडलेल्या हरभऱ्याच्या घुगऱ्या. संध्याकाळी एक भाकर, भाजी, वरण. भात आठवड्यातून दोनदा. चटणी-दाण्यांवर लक्ष ठेवा. शेंगदाणे पौष्टिक आहेत, पण १०० ग्रॅमला ५६० च्या वर कॅलरी देतात आणि शेतातल्या आखाड्यावर बसून बोलता बोलता शंभर ग्रॅम सहज संपतात.

बीपीच्या गोळीची पट्टी घेऊन नाव वाचा. त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर ती लघवीवाटे पाणी आणि मीठ काढणारी गोळी आहे. उपास, ऊन आणि ही गोळी एकत्र आली की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. बसून बीपी मोजा, उभं राहून तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० नं किंवा त्याहून जास्त पडत असेल तर डॉक्टरांना दाखवा, डोस बदलावा लागेल. वजन ५-६ किलो उतरल्यावर अशीही बीपीची गोळी कमी करायची वेळ येऊ शकते. स्वतः बंद मात्र करू नका.

उपास असो-नसो, एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ च्या वर जातो तेव्हा कामाच्या दिवशी चार लिटर पाणी जायला हवं. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय.

फवारणीच्या दिवशी उपास लांबवू नका. आधी पोटभर न्याहरी, मग पंप. घाम, मळमळ, चक्कर, हातापायांची थरथर ही उपाशी माणसाचीही लक्षणं आहेत आणि कीटकनाशकाच्या विषबाधेचीही. पोट रिकामं असेल तर घरचे साखरपाणी देत बसतात आणि दवाखान्याचा वेळ जातो. रात्रीच्या लाईटचा आठवडा असेल आणि पिकाला पाणी देताना दारं मोडायला रात्री एक-दोन वाजेपर्यंत जागावं लागत असेल, तर त्या आठवड्यात बारा तासांवर या.

सोळा तासांनी शरीरातल्या खराब पेशी आपोआप साफ होतात, या शोधाला नोबेल मिळालं, असं वाचलं. खरं का?
— विज्ञान शिक्षक, हिंगोली

नोबेल खरं आहे. २०१६ साली जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना ऑटोफॅजीच्या कामासाठी ते मिळालं. पेशी आपल्याच आतले जुने, मोडके भाग मोडून पुन्हा वापरते, ती यंत्रणा त्यांनी यीस्टच्या पेशींत उलगडली. माणसाच्या अंगात ती अमुक तासाला सुरू होते, असा आकडा त्या संशोधनात नाही. सोळाव्या तासाला काही बटण दाबलं जात नाही, त्यामुळे पंधरा तासांनी भूक असह्य झाली तर निःशंक जेवा.

वय ६३, मधुमेह ११ वर्षांपासून. सकाळी ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ आणि मेटफॉर्मिन यांची एकत्र गोळी, डापाग्लिफ्लोझिन १० मिग्रॅ, रात्री मेटफॉर्मिन. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.१. आमच्या भागात दोन वेळा जेवणारे पुष्कळ झाले आहेत. मीही चार दिवस पहिलं जेवण दुपारी बाराला घेतोय. परवा अकराच्या सुमारास घाम फुटला, हात कापायला लागले, समोरच्याचं बोलणं कळेना. साखर खाल्ल्यावर बरं वाटलं. पुढे चालू ठेवू का?
— निवृत्त मुख्याध्यापक, अंबाजोगाई

सर, आजच थांबवा. उद्या सकाळी गोळी घेतल्यावर नाश्ता करा आणि या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा. तुमची रक्तातली साखर घातक पातळीपर्यंत खाली गेली होती. बोलणं कळेनासं होणं म्हणजे मेंदूला साखर कमी पडणं. गाडी चालवताना किंवा जिन्यात असता तर काय झालं असतं, याचा विचार करा.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते आणि तुम्ही जेवलात की नाही याची वाट पाहत नाही. सकाळी घेतलेल्या गोळीचा परिणाम दिवसभर राहतो. न्याहरी काढून टाकली आणि गोळी तशीच ठेवली, तर अकरा वाजता जे झालं ते व्हायचंच होतं. ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड आणि इन्सुलिनची इंजेक्शनं यांनाही हाच धोका. नुसत्या मेटफॉर्मिननं साखर अशी घसरत नाही. डापाग्लिफ्लोझिनचा धोका वेगळा आहे: ती लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर काढते. लांबलेल्या उपासात, विशेषतः पिठूळ अन्न फार कमी केलं तर, रक्तात आम्ल साचू शकतं आणि ते होताना मीटरवर साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. मळमळ, उलटी, पोटदुखी, जोराचा श्वास यांतलं काही दिसलं तर ॲसिडिटी समजून थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

पुन्हा तसं झालं तर: शक्य असेल तर मीटरवर तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा मीटर जवळ नसेल पण लक्षणं तीच असतील, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या. पेढा, बिस्किट, चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-तेलानं साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, ७० च्या खालीच असेल तर तेवढीच साखर पुन्हा. वर आल्यावर भाकर किंवा पोळी खा. या गोळीचा परिणाम लांब असल्यामुळे साखर काही तासांनी परत पडू शकते, म्हणून त्या दिवशी एकटे राहू नका आणि झोपण्याआधी पुन्हा मोजा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, उचलून दवाखान्यात न्यायचं. हे घरच्यांना वाचून दाखवा.

दोन वेळच्या जेवणाबद्दल. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा हा विचार लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव पोचवला: कडक भुकेच्या दोनच वेळी जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, मध्ये पातळ ताक, कोरा चहा, पाणी एवढंच. सोबत रोज ४५ मिनिटं चालणं आणि सुरुवातीलाच एचबीए१सी व उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासणं हेही ते सांगतात. लोकांच्या तोंडोतोंडी फक्त ५५ मिनिटं उरली. तपासण्या गळाल्या, औषधांचं डॉक्टरांशी बोलणं गळालं, आणि ५५ मिनिटांत चार भाकरी खाणारेही दिसू लागले. या पद्धतीनं आपल्याकडच्या हजारो माणसांना सारखं खात राहायची सवय सोडायला लावली, ही मोठी गोष्ट आहे. पण अकरा वर्षांचा मधुमेह आणि तीन औषधं असलेल्या माणसानं तिची सुरुवात घरच्या घरी करायची नसते.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्या. सात दिवस उठल्यावर, पहिल्या जेवणाआधी आणि संध्याकाळच्या जेवणानंतर दोन तासांनी मोजलेली साखर, रोजच्या जेवणाच्या वेळा आणि गोळ्यांच्या वेळा त्यावर लिहा. क्रिएटिनिनचा गेल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट जोडा, कारण मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल तर ग्लिमेपिराइड शरीरात जास्त वेळ टिकते. मग विचारा: ग्लिमेपिराइड कमी करायची की बदलायची? ती पहिल्या जेवणाबरोबर सरकवायची का? उपास लांबवायचा तर डापाग्लिफ्लोझिनचं काय करायचं?

डॉक्टरांनी होकार दिल्यावर तुमच्यासाठी आम्हाला योग्य वाटतं ते असं: सकाळी नऊ, दुपारी दीड, संध्याकाळी सात. तीनदा खाऊनही चौदा तासांचा उपास होतो. दुपारी बारापर्यंत उपाशी राहून तुमच्या वयात मिळणारा जास्तीचा फायदा थोडा आहे आणि धोका मोठा आहे. ज्वारी मधुमेहाला कितीही चालते हा समज मात्र मनातून काढा. ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ४० ग्रॅमच्या पुढे कर्बोदकं असतात. एका वेळी एकच भाकर, आणि ताटात आधी भाजी-उसळ, मग भाकर. जेवणानंतर पंधरा मिनिटं अंगणात चाला. कुठल्याही वेळी साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर दिसली तर उपास तिथेच संपला. तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करा.

नवरात्राचे नऊ दिवस, एकादशी, रमजानचे रोजे, यांनाही हेच लागू आहे. गोळ्यांच्या वेळा बदलून घ्यायला सणाच्या आदल्या दिवशी जाऊ नका, दीड-दोन महिने आधी जा.

दिवसातून एकदाच जेवून दोन महिन्यांत ९ किलो उतरवले. आता वजन थांबलंय, केस मुठीनं गळतात, पाळी पंधरा दिवस पुढे गेली आणि पोट साफ होत नाही. वय २९. आणखी तास वाढवू का?
— बँक कर्मचारी, धाराशिव

नाही. तुम्ही चुकीच्या दिशेला खूप पुढे गेला आहात, आता मागे यायचं.

आठवड्याला किलोच्या वर वजन उतरत राहिलं की त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. स्नायू घटले की शरीराचा रोजचा खर्च घटतो आणि वजन थांबतं. केसांची गळती झटपट वजन उतरल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी दिसते. मुळं शाबूत असतात, खाणं सुधारलं की सहा महिन्यांत केस परत भरतात. पाळी पुढे जाणं ही सगळ्यांत महत्त्वाची खूण आहे. अन्न कमी पडतंय असं शरीराला वाटलं की ते आधी हा खर्च थांबवतं. गरोदरपणाची तपासणी करून घ्या, मग हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइड).

पुढचा महिनाभर बारा तासांचाच उपास, तीन जेवणं, रोज ६० ग्रॅम प्रथिनं. वजन एखादा किलो वाढेल, घाबरू नका, ते साठ्याचं पाणी असतं. आठवड्यातून तीन दिवस उठाबशा, भिंतीला टेकून जोर, पाण्यानं भरलेल्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या उचलणं, प्रत्येकाचे दहा-बाराचे तीन फेरे. पोटासाठी पाणी, पालेभाजी, पेरू, आणि रात्री चमचाभर इसबगोल पेलाभर पाण्यात. पाळी दोन महिने नियमित आली की मग चौदा तासांचा विचार करा.

उजव्या बरगडीखाली जेवणानंतर कळ येत असेल तर सोनोग्राफी करा. झपाट्यानं वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते.

वाळूजला कंपनीत आहे. पाळी दर आठवड्याला बदलते. रात्रपाळी अकरा ते सात. खायचे तास कसे लावू?
— कामगार, छत्रपती संभाजीनगर

रात्रपाळीच्या आठवड्यात सोळा तासांचा हट्ट सोडा. दुपारी साडेतीनला उठल्यावर पूर्ण जेवण, रात्री साडेनऊला निघण्याआधी दुसरं पूर्ण जेवण. मध्यरात्रीनंतर शरीर साखर नीट हाताळत नाही, म्हणून कँटीनचा वडापाव, भजी, गोड चहा टाळा. प्रेसवर किंवा चालत्या मशीनवर काम असेल आणि दोन वाजता पोटात खड्डा पडला तर मूठभर फुटाणे किंवा एक उकडलेलं अंडं खाऊन घ्या. गरगरत्या डोक्यानं मशीनवर हात घालू नका. सकाळी घरी आल्यावर पाणी पिऊन झोपा. भुकेनं झोप लागत नसेल तर पेलाभर बिनसाखरेचं दूध. पहिल्या पाळीच्या आठवड्यात सकाळी नऊच्या सुट्टीत डबा आणि संध्याकाळी सातला जेवण.

मुलगी सोळा वर्षांची, अकरावीला. मोबाइलवर बघून दुपारपर्यंत काही खात नाही. वजन ५८, उंची १५८. करू द्यावं का?
— आई, जालना

करू देऊ नका. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी ही पद्धत नाही. हाडं अजून भरत असतात, पाळीमुळे लोह लागतं आणि कॉलेजच्या सकाळच्या तासांना मेंदूला अन्न लागतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, क्षयाचे औषधोपचार चालू असलेले, टाइप १ मधुमेही आणि बीएमआय १८.५ च्या खाली असलेले यांनाही आमचं उत्तर हेच आहे.

तिला वजनावरून बोलू नका, घरातल्या कुणालाही बोलू देऊ नका. तिचं वजन वयाच्या मानानं फार नाही. सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला, त्यात दाणे आणि वरून मटकीचे मोड, किंवा धपाटं आणि दही. एवढं तिच्यासोबत बसून खा. थंड पेयं आणि पाकिटातलं खाणं घरात आणणं बंद करा, सगळ्यांसाठीच. ती जेवण लपवते, जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जाते, दिवसातून दोन-तीनदा काट्यावर उभी राहते, पाळी थांबली आहे, यांतलं एकही दिसलं तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे याच आठवड्यात घेऊन जा, आणि तिथे तिला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या.